मोठ्या चोचीचा वेळू वटवट्या : रानातील ओळख

मोठ्या चोचीचा वेळू वटवट्या, शास्त्रीय नाव ॲक्रोसेफॅलस ओरिनस, हा चिमणीहून लहान, पाठीकडे तपकिरी आणि पोटाकडे मळकट पांढरा असा गाणारा पक्षी आहे. ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी नोव्हेंबर 1867 मध्ये सतलज खोऱ्यात रामपूरजवळ त्याचा नमुना मिळवला. ही स्वतंत्र जात आहे की एखाद्या परिचित वटवट्याचाच विचित्र नमुना, हा वाद 2002 मध्ये डीएनए तपासणीने मिटला; जिवंत पक्षी मात्र मार्च 2006 मध्ये थायलंडमध्ये, पक्षी-अभ्यासक फिलिप राउंड यांनी पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्यासाठी लावलेल्या जाळ्यात सापडला. त्यानंतर काही महिन्यांतच ब्रिटनमधील ट्रिंगच्या संग्रहालयात दुसरा नमुना निघाला, आणि तोही ब्लिथचा वेळू वटवट्या या अगदी सारख्या दिसणाऱ्या जातीच्या नमुन्यांच्या खणात.

तज्ज्ञांच्या हाताखालून गेलेल्या नमुन्याची ही गत, तर झुडपातल्या पक्ष्याची काय कथा. ब्लिथचा वेळू वटवट्या हिवाळ्यात महाराष्ट्रात सर्रास येतो, कुंपणाच्या झाडोऱ्यातही वावरतो आणि बहुधा दिसण्याआधी त्याचे ‘चक्, चक्’ ऐकू येते. दोघांच्या रंगात भरवशाचा फरक नाही. पाहायची ती चोच: ओरिनसची चोच अधिक लांब असून खालचा भाग टोकापर्यंत फिकट असतो, तर ब्लिथच्या चोचीत तिथे बहुधा गडद छटा असते. ओरिनसचे पंख आखूड व गोलसर असल्यामुळे मिटलेल्या पंखातून लांब पिसांची टोके कमी बाहेर येतात; मागच्या बोटाची नखीही मोठी असते. परंतु हे फरक काही मिलिमीटरांचे आहेत आणि पानाआड क्षणभर दिसलेल्या पक्ष्यावर ते मोजता येत नाहीत. हातात धरलेल्या पक्ष्याचे मोजमाप किंवा पिसातील डीएनए यांवाचून केलेली नोंद संशयास्पदच मानावी, आणि एकच छायाचित्र पुढे करून ‘हाच तो’ म्हणणे उतावीळपणाचे ठरते.

विणीच्या काळात गाणे अधिक उपयोगी पडते. ईशान्य अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात नदीकाठच्या झुडपांत 2008 मध्ये ओरिनस पक्षी गाताना आढळले आणि पुढच्या वर्षी जाळ्यात धरून ओळख पक्की करण्यात आली. ब्लिथचा पक्षी इतर पक्ष्यांच्या नकला करीत एकेक तुकडा पुन्हा पुन्हा घोळवतो. ओरिनसचे गाणे वेगवान आणि सलग असते.