कृष्णाकाठ आणि कोयनाखोरे : सायकलस्वारांनी थांबवावी अशी एक गल्लत

कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरला उगम पावतात आणि कराडला एकमेकींना मिळतात. एवढ्या एका खऱ्या माहितीच्या आधारावर एक चुकीचा बेत सायकलस्वारांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे : कृष्णेच्या काठाने कराडला उतरायचे, प्रीतिसंगम पाहून तिथे मुक्काम करायचा आणि कोयनेच्या काठाने पुन्हा महाबळेश्वर गाठायचे. नकाशावर हे वर्तुळ सुरेख दिसते. मात्र तो बेत आखणाऱ्याने कोयनेच्या वरच्या खोऱ्यात सायकल घातलेली नसते, आणि ज्याने घातलेली असते तो असा बेत दुसऱ्यांदा आखत नाही. ‘हे वर्तुळ सायकलने होईल का’ हा प्रश्न प्रत्येक हिवाळ्यात नव्याने विचारला जातो आणि त्याला ‘होईल’ हेच चुकीचे उत्तर मिळते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कृष्णाकाठाबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण तो बहुतेकांच्या पायाखालचा आहे. वाईपासून माहुली, कराड, औदुंबर, भिलवडी, सांगली आणि पुढे नृसिंहवाडी असा हा सुमारे 180 किलोमीटरचा प्रवास तीन दिवसांत आरामात होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटरवर आहे आणि कराड साधारण 565 मीटरवर. कराडच्या पुढे तर उतार पायांना जाणवतही नाही. एकच आग्रहाची सूचना करतो. सातारा ते कराड महामार्गाने जाऊन ‘कृष्णाकाठाने गेलो’ असे कोणी म्हणू नये. महामार्ग उरमोडी, तारळी अशा पश्चिमेकडून येणाऱ्या उपनद्या ओलांडत जातो आणि कृष्णा क्वचितच दाखवतो. खरा काठ हवा असेल तर पूर्वेच्या बाजूला कोरेगाव, रहिमतपूर, मसूर ही दिशा धरावी. पुणे-मिरज लोहमार्ग याच बाजूने जातो, आणि आगगाडीला मोठा चढ सोसत नसल्यामुळे ज्या पट्ट्यातून रूळ गेले आहेत तो पट्टा सायकललाही मानवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कोयनेचे खोरे एक नाही, दोन आहेत. महाबळेश्वरपासून हेळवाकपर्यंत नदी सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर, दक्षिणेकडे सुमारे 65 किलोमीटर जाते. हेळवाकला ती जवळजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून कराडला येते. हेळवाक ते कराड हे खालचे खोरे रुंद आहे, त्यातून चिपळूण-कराड रस्ता नदीची सोबत फारशी न सोडता जातो, आणि कृष्णाकाठ जाणणाऱ्या माणसाला तिथे काहीही परके वाटणार नाही. गोंधळाचे मूळ हेच आहे. कराडहून पाटणपर्यंत एकदा जाऊन आलेला सायकलस्वार पुढेही असेच असेल असे धरून चालतो, कारण नदीचे नाव तेच असते आणि नकाशावरची निळी रेघही अखंड असते.

परंतु हेळवाकच्या वरची ती निळी रेघ नदीची नाही. ती धरणाच्या फुगवट्याची आहे. 1960 च्या दशकात पूर्ण झालेल्या, 103 मीटर उंचीच्या कोयना धरणामागे सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठते आणि शिवसागर नावाचा हा जलाशय जवळपास 50 किलोमीटर उत्तरेकडे, महाबळेश्वरच्या बाजूच्या तापोळ्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे पसरतो. नदीचा जुना काठ, त्यावरची गावे, शेते आणि गावांना जोडणाऱ्या सपाटीच्या वाटा त्या पाण्याखाली गेल्या. खोऱ्याचा जो भाग सायकलला हवा असतो, म्हणजे तळ, तोच तिथे उरलेला नाही. उरल्या आहेत त्या डोंगरांच्या उतरत्या बाजू, आणि त्या बाजू सरळ नाहीत : डोंगराची एक सोंड पाण्यात घुसते, तिच्या शेजारच्या ओढ्याच्या घळीत पाणी आत शिरते, मग दुसरी सोंड, मग दुसरी घळ. नदीकाठाने जाणारा रस्ता अशा प्रदेशात दोनच प्रकारे बांधता येतो. एक तर प्रत्येक घळीला आतपर्यंत वळसा घालत आणि प्रत्येक सोंडेवर चढत-उतरत न्यायचा, नाहीतर पाणी सोडून थेट डोंगरमाथ्याच्या पठारावर चढवायचा. वरच्या कोयनेत या दोन्ही प्रकारचे रस्ते तुकड्यातुकड्यांनी आढळतात. पाण्याच्या कडेने धरणाजवळचे कोयनानगर ते तापोळा असा सलग, सपाट रस्ता मात्र आढळत नाही.

यातली सर्वांत फसवी गोष्ट आकड्यांची आहे, आणि चांगले हिशेबी सायकलस्वारही तिथेच चुकतात. जलाशय पूर्ण भरलेला असताना त्याची पातळी सुमारे 659 मीटर असते. म्हणजे तापोळ्याजवळचे पाणी आणि कराड यांच्या उंचीत शंभर मीटरचाही फरक नाही; वाई आणि कराड यांच्यातला फरक 150 मीटरच्या आसपास आहे. केवळ दोन टोकांच्या उंचीची वजाबाकी करणाऱ्याला कोयना कृष्णेपेक्षाही सोपी वाटते आणि तो आनंदाने निघतो. ही वजाबाकी लाँचसाठी बरोबर आहे, कारण लाँच पाण्याच्या पृष्ठावरून जाते आणि ते पृष्ठ 50 किलोमीटर एकाच पातळीत असते. सायकल पृष्ठावरून जात नाही. बामणोलीचेच उदाहरण घ्या. बामणोली पाण्याच्या काठावर आहे आणि कोयनानगरही त्याच जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तरीही सायकलवर एकाहून दुसऱ्याकडे जाण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे बामणोलीहून सुमारे पाचशे मीटर चढून कासच्या पठारावर येणे, तिथून साताऱ्याला उतरणे, महामार्गाने उंब्रजपर्यंत येऊन मल्हारपेठेकडे वळणे आणि पाटणवरून पुन्हा वर जाणे. त्या मार्गात तुम्ही कोयनेचे खोरे सोडून कृष्णेच्या खोऱ्यात जाता आणि परत येता. दोन्ही ठिकाणे एकाच पाण्यावर असूनही.

म्हणून वरच्या कोयनेचा बेत करताना अंतर विचारू नये, एकूण चढ विचारावा. सातारा-कास-बामणोली आणि परत हे अंतर 80 किलोमीटरच्या आतबाहेर आहे, आणि कृष्णाकाठावर तेवढे अंतर दुपारच्या जेवणानंतर एक झोप काढूनही पुरे होते. इथे मात्र त्यात हजार मीटरहून अधिक चढ आहे आणि त्याचा निम्मा वाटा परतताना, बामणोलीहून निघाल्याबरोबर, थकलेल्या पायांवर येतो. मी स्वतः पहिल्या खेपेला परतीच्या या चढाला संध्याकाळी लागलो, वाटेत अंधार झाला आणि शेवटचे वळण सायकल हातात धरून चाललो. ती चूक नदीच्या नावावर विसंबण्याची होती.

पश्चिम काठाबद्दलही एकदाच स्पष्ट सांगितले पाहिजे. तो काठ मुख्यतः कोयना अभयारण्याचा, म्हणजेच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्या काठावरच्या वासोटा किल्ल्याला जाणारी माणसे बामणोलीहून लाँचने, वनविभागाच्या परवानगीने जातात, याचे कारण हेच. ‘पलीकडच्या काठाने एखादी कच्ची वाट असेलच’ असे म्हणून सायकल तिकडे नेण्याचे सल्ले मी ऐकले आहेत. ते बेजबाबदार आहेत आणि कोणीही ते मानू नयेत. लाँचच्या भरवशावर पुढचा टप्पा आखणेही मला पसंत नाही. जलाशयाची पातळी उन्हाळ्यात खूप खाली जाते, काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि सामानाने लादलेली सायकल पाण्यापर्यंत नेणे हेच मोठे काम होऊन बसते.

काही जण म्हणतील की फुगवटा कृष्णेवरही आहे. आहेच, धोम धरणाचा. पण तो वाईच्या वरच्या बाजूला आहे, त्यात साडेतेरा टीएमसीच्या आसपास पाणी मावते, आणि वर सांगितलेला काठाचा प्रवास धरणाच्या खालून सुरू होतो. हा फरक केवळ आकाराचा नाही. कृष्णेत धरण प्रवासाच्या आधी येते. कोयनेत ते प्रवासाच्या मधोमध येते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कृष्णाकाठी काळी माती आहे, ती पावसानंतर पाणंदीत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसते. कासच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती आहे, ती कपड्यांवरून जात नाही. कृष्णाकाठी गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सांभाळावे लागतात, तर खालच्या कोयनेच्या रस्त्यावर कुंभार्ली घाटातून येणारे ट्रक. जेवण दोन्हीकडे चांगले मिळते. पावसाळ्यात दोन्हीकडे जाऊ नये : महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच पाण्याने खाली सांगलीत 2005, 2019 आणि 2021 मध्ये काय केले ते त्या काठावरच्या लोकांना सांगावे लागत नाही.

माझी पसंती विचाराल तर वर्तुळाचा हट्ट सोडून तीन स्वतंत्र प्रवास करावेत. कृष्णाकाठ वाईहून खाली, डिसेंबर-जानेवारीत. खालची कोयना एका दिवसात, हेळवाकहून कराडकडे, सकाळी लवकर निघून. हे 55 किलोमीटरच्या आसपासचे अंतर उलट दिशेने करायचे असेल तर मार्च ते मे या महिन्यांत दुपारी करू नये, कारण तेव्हा घाटमाथ्याकडून येणारा पश्चिमेचा वारा समोरून लागतो. आणि वरची कोयना साताऱ्याहून, बामणोलीत मुक्काम करून, म्हणजे परतीचा चढ ताज्या पायांनी आणि सकाळच्या सावलीत चढता येतो. या तिसऱ्या प्रवासासाठी सायकलला सर्वांत हलका गिअर हवा, आणि कासहून बामणोलीपर्यंतचा उतार लांब असल्यामुळे सुट्या ब्रेकपट्ट्या सातारा सोडण्यापूर्वीच पिशवीत टाकाव्यात. खाली पाण्याच्या काठावर त्या मिळतील असे गृहीत धरू नये.