लाईटने नस जागी होते? होते, पण शेकाच्या दिव्याने नाही

बाहेर 43 डिग्री ऊन, आणि आमचे मामा घरात लाल दिव्याकडे पाठ करून बसलेले. सायटिका आहे त्यांना, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या सायटिक नर्व्हचं दुखणं. दिवा विकणाऱ्याने सांगितलंय की या किरणांनी झोपलेली नस जागी होते. शेकाने स्नायू सैल पडतात, बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण गंमत अशी की प्रकाशाने नस खरंच चाळवता येते, आणि 2005 मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे उंदराच्या ज्या नसेवर करून दाखवलं ती सायटिक नर्व्हच! इन्फ्रारेड लेसरचा झटका दिला, पायाचा स्नायू आखडला, वायर कुठेच टेकवली नाही.

मग मामांचा दिवा का नाही चालत? सगळी मेख वेगात आहे. नसेच्या पेशीचा पडदा म्हणजे बारावीला शिकलो तो कपॅसिटर, आत साधारण उणे 70 मिलिव्होल्ट. लेसरची ऊर्जा आधी पेशीतलं-भोवतालचं पाणी शोषतं, पाणी काही डिग्रीने तापतं, पडदा किंचित पसरतो, पातळ होतो आणि त्याची धारिता (चार्ज साठवायची क्षमता, C) वाढते. Q = CV आठवा, चार्ज तेवढाच आणि C वाढला की V, म्हणजे व्होल्टेज, उतरणार, म्हणजे उणे 70 शून्याकडे सरकणार, आणि पुरेसं सरकलं की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात न् नस पेटते, म्हणजे संदेश सुटतो. पण पडदा गळका आहे, त्यातून चार्ज झिरपत राहतो. फुटक्या बादलीत नळाची बारीक धार सोडली तर ती भरतच नाही, भसकन ओतलं तरच काठापर्यंत येते (नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापूरकरांना बादलीचं हे गणित वेगळं सांगायला नको). लेसर ते तापवणं मिलिसेकंदात उरकतो, दिव्याला मिनिटं लागतात, तोवर सगळं गळून गेलेलं असतं. दिव्याची ऊब जाणवते ती कातडीतल्या उष्णतेच्या वेगळ्या सेन्सरमुळे. त्यातला एक, टीआरपीव्ही1, साधारण 43 डिग्रीला उघडतो आणि मिरचीनेही उघडतो, म्हणून शेंगाचटणी खाल्ली की तोंड भाजल्यासारखं होतं.

आता नस पेटली हे बघायचं कसं? पेटलेल्या पेशीत कॅल्शियम शिरतं, आणि कॅल्शियम चिकटलं की चमकणारं प्रोटीन पेशीत आधीच घालून ठेवता येतं, मूळ जेलीफिशचं. ते टू-फोटॉन मायक्रोस्कोपने बघतात, 1990 ची आयडिया: दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) एकदमच येऊन धडकले तरच प्रोटीन चमकतं, आणि एवढी गर्दी फक्त फोकसच्या ठिपक्यात असते, त्यामुळे मेंदूत अर्धा मिलिमीटर खोलवरची एकेक पेशी वेगळी दिसते. उत्तेजनही प्रकाशाने, बघणंही प्रकाशाने.

यातली एक भानगड मला फार आवडते. ही चमक तापमानानेही बदलते, गरम झालं की अशी बहुतेक चमकणारी द्रव्यं फिकी पडतात. म्हणजे लेसर मारल्यावर चित्रात फरक दिसला तर तो नसेचा का नुसत्या उष्णतेचा? म्हणून पफर माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, टाकून सोडियमची दारं बंद करतात आणि तोच झटका परत देतात. तरीही चित्रात जो फरक दिसतो तो नुसत्या उष्णतेचा, हिशोबातून वजा.