खत, कीडनाशक की उत्तेजक? ताण सोसणाऱ्या जिवाणूंची पार्श्वभूमी

पावसाने खंड दिला की कृषी सेवा केंद्रात दोन तऱ्हेच्या बाटल्या काउंटरवर येतात. एकीवर ‘जिवाणू खत’ छापलेले असते, दुसरीवर ‘जैव उत्तेजक’, म्हणजे पिकाची वाढ आणि ताण सोसण्याची ताकद वाढवणारे द्रव्य. आत दोन्हीकडे जिवाणूच असतात, कधी कधी तर एकाच कुळातले. गावात दोन्हींना ‘कल्चर’ म्हणतात, नाहीतर सरसकट ‘टॉनिक’. या घोळाबद्दल शेतकऱ्याला बोल लावण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो नियमांच्या पुस्तकातूनच खाली आलेला आहे.

कडधान्यांच्या मुळांवरील गाठींचे काम १८८०च्या दशकात जर्मनीत उलगडले आणि १८९६ साली पहिले व्यापारी जिवाणू कल्चर विक्रीला आले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जिवाणूंकडे नत्र देणारा किंवा स्फुरद मोकळे करणारा सालगडी म्हणूनच पाहिले गेले. आपल्याकडे सहाव्या पंचवार्षिक योजनेत, १९८३ मध्ये, जिवाणू खतांचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्याचा हिशेबही रासायनिक खताला जोड देण्याचा होता. कोरडवाहू शेतकऱ्याची खरी अडचण पाण्याची, पण त्याच्या हातात पाकीट पडले ते नत्राचे.

दुष्काळाचा धागा त्या मानाने अगदी अलीकडचा. १९९९ मध्ये स्वीडनमधील प्रयोगात मोहरीच्या कुळातील एका इवल्या रोपाला मुळांजवळचा जिवाणू दिल्यावर ते पाण्याचा ताण जास्त सोसते असे दिसले. २००४ मध्ये इस्राएलच्या अरावा भागातील कोरड्या नदीपात्रातून मिळवलेला जिवाणू टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांवर वापरला गेला. या प्रयोगातील एक निरीक्षण बाजारात कुणी सांगत नाही: पाणी तोडलेले असताना रोपांतील पाणी घटायचे तेवढे घटलेच. फरक पडला तो पाणी पुन्हा दिल्यावर, ही रोपे चांगली सावरली. ताण पडला की झाडात इथिलीन हे वायुरूप संप्रेरक वाढते आणि मुळांची वाढ खुंटते. हे जिवाणू इथिलीन ज्या पदार्थापासून तयार होते तोच फोडून खातात, म्हणून मूळ चालत राहते. दुसरी तऱ्हा चिकट स्राव सोडणाऱ्या जिवाणूंची. त्या चिकटपणामुळे मातीचे कण मुळाला धरून राहतात आणि भोवतीचा ओलावा जरा उशिरा उडतो. सूर्यफुलाच्या रोपांवर हैदराबादला २००९च्या सुमारास झालेले काम याच वाटेचे. म्हणजे जिवाणू पाणी आणत नाही. दोन पावसांमधले अंतर झाडाने काढावे, एवढीच त्याची मदत. मराठवाड्यात ऑगस्टच्या खंडात सोयाबीन माना टाकते तेव्हा एवढी मदतही थोडी नसते.

आता कायद्याकडे. खत नियंत्रण आदेश १९८५चा, जिवाणू खते त्यात आली २००६ मध्ये. कसोट्या ठरल्या: वाहकातील (कोळशाच्या भुकटीसारख्या आधारात मिसळलेल्या) खतात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू, द्रवरूप खतात मिलिलिटरला १० कोटी. हवेतील नत्र धरणाऱ्या अ‍ॅझोटोबॅक्टरने खाल्लेल्या साखरेच्या ग्रॅममागे १० मिलिग्रॅम नत्र स्थिर केले पाहिजे, कडधान्यांच्या गाठींतल्या रायझोबियमने पाकिटावर लिहिलेल्या पिकावर गाठी आणल्या पाहिजेत. कसोट्या चोखच आहेत, मात्र त्यांत ताणाची एकही नाही. तृणधान्यांच्या मुळांशी राहणाऱ्या अ‍ॅझोस्पिरिलममुळे मुळे फुटतात, पसरतात आणि त्याचा फायदा कमी ओलाव्यातही होतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. तरी प्रयोगशाळेत त्याची पारख होते ती नत्र नसलेल्या माध्यमात पांढरी साय धरते की नाही यावर.

मग २३ फेब्रुवारी २०२१ला याच आदेशात जैव उत्तेजके दाखल झाली. व्याख्येत ‘ताण सहन करण्याची क्षमता’ हे शब्द आले, आणि या विषयात काम करणाऱ्यांना हेच हवे होते. पण गटांच्या यादीत जिवंत सूक्ष्मजीवांपुढे कंस पडला: जिवाणू खते आणि जैविक कीडनाशके वगळून. इथे सगळे अडकते. बॅसिलस आणि स्युडोमोनास स्फुरद विरघळवतात म्हणून ते खत. त्याच कुळांतील जाती रोगाविरुद्ध वापरल्या की १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी. आणि त्याच कुळांतील जाती पाण्याचा ताण हलका करतात, तर त्यांना बसवायचे कुठे? असा जिवाणू एकाच वेळी तिन्ही कामे करू शकतो. कागदावर त्याला एकच जात लावावी लागते.

कार्यक्षमतेच्या चाचण्यांची अटही घाईतली वाटते. किमान एक हंगाम, तीन मात्रा, तीन वेगळ्या कृषी-हवामान विभागांतील ठिकाणे. वाढ किंवा दाण्याचे वजन तपासायला हे चालेल. ताणाचे काय? त्या हंगामात पाऊस वेळेवर पडला तर तपासायला ताणच उरत नाही, आणि बाटलीवरचा दावा मात्र कायम राहतो. निदान एक चाचणी पाणी मुद्दाम तोडून, पावसापासून आडोसा करून घ्यायला हवी होती.

चाचण्या पूर्ण होईपर्यंत जैव उत्तेजके विकता यावीत म्हणून दिलेल्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत वाढवत वाढवत जून २०२५पर्यंत नेली गेली. त्याच्या पुढच्याच महिन्यात केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितलेले आकडे असे: आधी सुमारे ३०,००० जैव उत्तेजके विनातपासणी विकली जात होती, त्याआधीच्या चार वर्षांतही ८,०००च्या आसपास होती, कडक तपासणीनंतर ती साधारण ६५०वर आली. यादी आखडली हे बरेच झाले. त्या यादीत समुद्री शेवाळाचे अर्क आहेत, ह्युमिक आम्ल आहे, अमिनो आम्ले आहेत. जिवंत जिवाणूपुढचा तो कंस अजून तसाच आहे.