प्राथमिक आणि दुय्यम सक्रिय वहन: एटीपी नेमकं कोण खर्च करतं?

पदार्थ जिथे कमी आहे तिथून जास्त असलेल्या बाजूला न्यायचा, म्हणजे चढावर ढकलायचा, तर पेशीला ऊर्जा मोजावीच लागते. सक्रिय वहनाचे दोन्ही प्रकार हेच काम करतात. तरी अकरावी-बारावीची मुलं 'दुय्यम प्रकाराला ऊर्जा लागत नाही' असं हमखास लिहून येतात. लागते, फक्त ती दुसऱ्याने आधीच खर्च केलेली असते.

प्राथमिक प्रकारात वाहक प्रथिन (पेशीच्या पडद्यातून पदार्थ ने-आण करणारं प्रथिन) स्वतः एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, फोडतं. सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीमागे तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना तो ओळखला. त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल मिळालं.

दुय्यम प्रकार पाहायचा तर लहान आतड्याची पेशी घ्या. तिच्या अन्नाकडच्या बाजूला एसजीएलटी-१ नावाचा वाहक असतो. तो एटीपीला हातही लावत नाही. रक्ताकडच्या बाजूचा पंप सोडियम सतत बाहेर काढत असल्यामुळे पेशीत सोडियम कमी असतो, म्हणून बाहेरचा सोडियम आत यायला बघतो. वाहक त्याला वाट देतो, पण दोन सोडियम आयनांबरोबर ग्लुकोजचा एक रेणू घेऊनच. सोडियम उताराला, ग्लुकोज चढाला. (पुढे हेच ग्लुकोज पेशीतून रक्तात जातं ते मात्र उतारानेच, ऊर्जेविना.)

ओआबाइन हे विष पंप बंद पाडतं. एसजीएलटी-१ जागेवर तसाच असतो, तरी पेशीत सोडियम साठत जातो आणि ग्लुकोजचं शोषण मंदावतं. दुय्यम वहन कोणाच्या जिवावर चालतं याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

पटकीत शरीरातलं पाणी आणि क्षार भराभर निघून जातात, पण हा वाहक शाबूत राहतो. म्हणून नुसतं मीठ-पाणी पुरत नाही. सोबत ग्लुकोज हवंच. दोन्ही आत शिरले की पाणी मागोमाग येतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या अशाच द्रावणावर असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या ओआरएसमध्ये (जुलाबात प्यायला देतात त्या द्रावणात) लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल असतं. त्यात चवीसाठी वरून साखर घालू नये. जास्तीची साखर पाणी आतड्यातच ओढून ठेवते आणि जुलाब वाढतात.