आधी पत्ता, मग माणूस: पोस्टग्रेसच्या प्रवेश-नियमांची पार्श्वभूमी

पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसचा सर्व्हर नव्या मशीनवर बसवला आणि दुसऱ्या मशीनवरून जोडायला गेलं, की पहिल्यांदा बहुधा नकारच पदरी पडतो. कधी 'कनेक्शन रिफ्यूज्ड', कधी 'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एन्ट्री फॉर होस्ट'. पहिल्या वेळी सर्व्हर त्या पत्त्यावर ऐकतच नसतो, म्हणजे लिसन_ॲड्रेसेस हे सेटिंग बदलायला हवं. दुसऱ्या वेळी तो ऐकतो, पण तुमच्या पत्त्याला लागू पडेल अशी ओळ त्याला पीजी_एचबीए.कॉन्फ या प्रवेश-नियमांच्या फाइलीत सापडत नाही. पासवर्डाचा प्रश्न यानंतर येतो. नवख्याला हा क्रम उफराटा वाटतो. पण या गोष्टी साधारण याच क्रमाने सुचत गेल्या.

पोस्टग्रेसचा जन्म १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात झाला. याच बर्कलीच्या युनिक्समधून काही वर्षं आधी आरलॉगिन आणि आरएसएच हे दूरच्या मशीनवर शिरायचे प्रोग्रॅम बाहेर पडले होते. त्यांचा हिशोब साधा होता: विनंती ओळखीच्या मशीनवरून आली आणि १०२४ च्या खालच्या, म्हणजे फक्त रूटला (मशीनच्या सर्वाधिकारी युजरला) उघडता येणाऱ्या पोर्टवरून आली, तर माणूस खरा. मशीन मोजकी होती आणि त्यांची रूट सत्ता विश्वासू माणसांकडे होती, तोवर हे चाललं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने इतर छिद्रांबरोबर याच ओळखीचा फायदा घेत एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारल्या. पण सवयी एका वर्मने जात नाहीत. पोस्टग्रेसची फाइल अगदी नावापासून (एचबीए म्हणजे होस्ट-बेस्ड ऑथेंटिकेशन) होस्टवर, म्हणजे मशीनवर आधारलेली आहे. ७.३ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २००२ च्या अखेरीपर्यंत, तिच्या ओळीत युजरसाठी रकानाच नव्हता. डेटाबेस, पत्ता आणि पद्धत एवढंच लिहायचं. ट्रस्ट ही पद्धत त्या काळाची शुद्ध शिल्लक: पत्ता जुळला की कुणीही, कुठल्याही नावाने, अगदी सुपरयुजर म्हणूनही आत.

आयडेंट या दुसऱ्या पद्धतीची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९३ च्या आरएफसी १४१३ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजानुसार सर्व्हर क्लायंटच्याच मशीनला ११३ पोर्टवर विचारतो, 'हे कनेक्शन तुमच्याकडच्या कोणत्या युजरचं?' उत्तर देणारं मशीन समोरच्याच्या ताब्यात असेल तर ते वाटेल ते सांगेल. त्याच आरएफसीमध्ये स्पष्ट बजावलं आहे की हा प्रोटोकॉल प्रवेश-नियंत्रणासाठी नाही. तरी तो वापरला गेला. एकाच मशीनवरच्या युनिक्स सॉकेटवर (नेटवर्कविना होणाऱ्या जोडणीवर) मात्र ही कल्पना भक्कम ठरते, कारण तिथे उत्तर क्लायंट देत नाही, सर्व्हरच्या मशीनचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, देतं. ९.१ मध्ये, २०११ साली, या भागाला पीअर असं वेगळं नाव मिळालं. 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर पोस्टग्रेस' या ओळीवर वैतागून पीअरच्या जागी ट्रस्ट लिहिणारे अनेक आहेत. खरं तर त्या फाइलीतली सगळ्यात निर्धोक ओळ पीअरचीच असते.

पासवर्डाचा इतिहास जास्त खडतर. ७.२ च्या आधी पासवर्ड पीजी_शॅडो तक्त्यात जसेच्या तसे पडलेले असत. २००२ च्या सुरुवातीला ७.२ ने एमडी५ आणलं. तक्त्यात पासवर्ड आणि युजरनेम जोडून काढलेला हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, राहू लागला. लॉगिनच्या वेळी सर्व्हर हॅशमध्ये मिसळायचा चार बाइटचा यादृच्छिक तुकडा, म्हणजे सॉल्ट, पाठवतो आणि क्लायंट तो हॅश व सॉल्ट मिळून पुन्हा हॅश काढून परत देतो. वायरवर पासवर्ड जात नाही, हे खरं. पण गणित नीट पाहा: उत्तर तयार करायला मूळ पासवर्ड लागतच नाही, तक्त्यातला हॅश पुरतो. बॅकअपची एक फाइल हाती लागली, की पासवर्ड न फोडता लॉगिन. शिवाय तक्त्यातल्या हॅशमध्ये युजरनेमच सॉल्टचं काम करत असल्याने युजरचं नाव बदललं की एमडी५ पासवर्ड पुसला जातो. हा धक्का अजूनही कुणाकुणाला बसतो.

यावरचा उतारा २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत आला: स्क्रॅम-शा-२५६. इथे सर्व्हर जे साठवतो त्यावरून लॉगिन करता येत नाही, डिफॉल्टने हॅशच्या ४०९६ फेऱ्यांमुळे अंदाज लावत बसणं महाग पडतं, आणि क्लायंटलाही सर्व्हर खरा आहे का हे तपासता येतं. अडचण जुन्या क्लायंटची होती. दहाच्या आधीच्या लिबपीक्यूला, म्हणजे पोस्टग्रेसच्या क्लायंट-लायब्ररीला, स्क्रॅम कळत नाही. म्हणून एक तडजोड झाली: फाइलीत एमडी५ लिहिलं असलं, पण त्या युजरचा पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवलेला असला, तर सर्व्हर निमूटपणे स्क्रॅमच वापरतो. त्यामुळे फाइल वाचून सर्व्हर काय करतो ते सांगता येत नाही; मला ही तडजोड पटते, पण ऑडिट करणाऱ्याची त्यात फसगत होते. नवे पासवर्ड डिफॉल्टने स्क्रॅममध्ये जायला १४ वी आवृत्ती, म्हणजे २०२१ साल उजाडलं. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत एमडी५ पासवर्ड ठेवला की सर्व्हर इशारा देतो, आणि ओऑथ, म्हणजे दुसऱ्या सेवेच्या टोकनवर ओळख पटवणं, तेही पद्धतींच्या यादीत आलं.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसने पत्ता फाइलीत न ठेवता खात्याच्या नावातच घातला. तिथे एकच नाव दोन होस्टसह लिहिलं तर ती दोन वेगळी खाती होतात, पासवर्डही वेगळे. २०१२ मध्ये तिथलं एक छिद्र गाजलं. हॅशची तुलना करणाऱ्या फंक्शनचं उत्तर एका बाइटमध्ये कोंबल्याने काही बिल्डमध्ये चुकीचा पासवर्ड सुमारे २५६ पैकी एका वेळी बरोबर ठरायचा. ज्यांचा पोर्ट बाहेरून दिसतच नव्हता, त्यांना बाहेरच्या हल्लेखोरापासून या छिद्राचा धोका नव्हता. पत्त्याची चाळणी जुनाट म्हणून टाकून का देता येत नाही, ते इथे दिसतं. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे पडलेले मोंगोडीबी या आणखी एका डेटाबेसचे हजारो सर्व्हर पुसले गेले, खंडणीच्या चिठ्ठ्या मागे राहिल्या. त्याच वर्षी मोंगोडीबीच्या ३.६ आवृत्तीने डिफॉल्ट लोकलहोस्टवर, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून ऐकण्यावर, आणला. पोस्टग्रेसने लिसन_ॲड्रेसेस हे सेटिंग २००५ च्या ८.० मध्येच लोकलहोस्ट ठेवून आणलं होतं.

पोस्टग्रेसच्या फाइलीतल्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि पहिली जुळणारी ओळ अंतिम असते; तिथे पासवर्ड चुकला तर सर्व्हर पुढची ओळ बघत नाही. वर घाईत टाकलेली एक सैल ओळ खालच्या सगळ्या कडक ओळी निकामी करते. दहाव्या आवृत्तीपासून पीजी_एचबीए_फाइल_रूल्स या व्ह्यूमध्ये फाइल कशी वाचली जाते आणि कुठल्या ओळीत चूक आहे ते रिलोडच्या, म्हणजे बदललेली फाइल लागू करण्याच्या, आधीच दिसतं. इनिटडीबी (नवा सर्व्हर मांडून देणारी आज्ञा) मात्र वेगळं काही सांगितलं नाही तर स्थानिक कनेक्शनसाठी ट्रस्टच लिहून देत आलं आहे, सोबत इशाऱ्याची एक ओळ छापून. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांच्या पॅकेजमध्ये तिथे पीअर असतं. सोर्सवरून बिल्ड केलेल्या सर्व्हरवर ती ओळ आपणच बदलायची.