घरातल्या जुन्या साडीतून बाळाचे पहिले कपडे: पहिलटकर जोडप्यांसाठी माहितीपत्रक

तुमच्या घरी पहिलं बाळ येणार आहे, तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. मंगळवार पेठेतल्या आमच्या छोट्या शिवणघरात आम्ही बाळंतविडा शिवतो, तोही शक्यतो तुमच्याच घरातल्या जुन्या सुती कापडातून. आजीचं नऊवारी, आईची सुती साडी, आजोबांचं धोतर, यातलं काहीही चालतं. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सूत नव्या बाळाच्या कातडीला जसं सोसतं, तसं दुकानातलं कोरं करकरीत कापड सोसत नाही. मापं आणि कापड देता देता तुम्ही आम्हाला शिवणाबाहेरचंही बरंच विचारता. त्याची उत्तरंही इथं लिहिली आहेत. औषधपाण्याबाबत शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

कापड आणण्याआधी हे बघा

जुन्या साड्या पेटीत असतात आणि पेटीत डांबरगोळ्या असतात. आमची सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. बाळ दिसायला अगदी धडधाकट असतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. अशा बाळाला डांबरगोळ्यांचा वास मुरलेल्या कपड्यात गुंडाळलं, तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि कावीळ जिवावर बेतेल इतकी वाढू शकते. म्हणून शक्यतो डांबरगोळ्यांत न ठेवलेलीच साडी निवडा. तशी नसेलच, तर दोन-तीनदा साबणानं धुऊन गच्चीवर कडक उन्हात चांगले चार दिवस वाळवा. एवढं करूनही वास येत असेल, तर आम्ही त्या साडीला कात्री लावत नाही, परत देतो. आजीची आठवण म्हणून तुम्ही ती हौसेनं आणलेली असते हे आम्हाला कळतं, पण इथं आमचा नाइलाज आहे. बाळाचे शिवलेले कपडे ठेवतानाही कपाटात या गोळ्या टाकू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

दुसरं, साडी खरंच सुती आहे का? पुष्कळ साड्या हाताला सुती वाटतात आणि निघतात मिश्र धाग्याच्या. आम्ही कडेचा एक दोरा उसवून तुमच्यासमोर त्याला काडी लावतो. सुती दोरा भुरुभुरु जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे चिमटीत भुगा होणारी राख उरते. टेरिकॉटचा दोरा आधी आक्रसतो, मग वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी धरतो. मणी धरला की ती साडी गोधडीच्या अस्तरालासुद्धा घेत नाही, कारण त्यात घाम जिरत नाही. ही परीक्षा तुम्ही घरीही करू शकता, फक्त दोरा चिमट्यात धरा.

जरीचे काठ आम्ही कापून वेगळे ठेवतो. खळ असेल तर ती पूर्ण निघेपर्यंत साडी धुऊन आणा. गडद रंगाची साडी असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग लागला तर ती बाळासाठी नको.

आम्ही काय शिवतो, कसं शिवतो

झबल्याची शिवण आम्ही बाहेरच्या बाजूला ठेवतो. पाहुण्यांना कपडा उलटा घातलाय असं वाटतं, पण शिवणीची कड अंगाला घासत नाही. बटण, टिकल्या, लेस काहीही लावत नाही. बंद आखूड असतात, गळ्याशी तर मुळीच नसतात. शिवून झाल्यावर प्रत्येक कपडा उलटवून सुटे दोरे कापतो, आणि ही तपासणी तुम्हीही दर धुण्यानंतर करायची आहे. दोरा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि आवळत जातो. बाळ कशानंच गप्प होत नसेल, पोट भरलेलं आहे, लंगोट कोरडा आहे, तरी टाहो फोडतंय, तर पायाची बोटं एकेक सोडवून बघा. बोट लाल किंवा निळसर सुजलेलं दिसलं आणि दोरा सहज निघत नसेल, तर थेट दवाखाना गाठा.

किती शिवायचं, यावर बहुतेकजण जास्तच सांगतात. पाचव्या दिवसानंतर अंगावर नीट पिणारं बाळ दिवसातून निदान सहा वेळा लंगोट ओला करतं, शिवाय शीचे वेगळे. म्हणून उन्हाळ्यात तीस लंगोट पुरतात. कोल्हापूरचा पावसाळा मात्र वेगळा. जुलैत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, घरभर दोऱ्या लागतात, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस हवेत. किंचित दमट लंगोट तसाच बांधू नका. इस्त्री फिरवून कोरडा करा, नाहीतर जांघेत पुरळ उठतं. झबली सहा-आठ, दुपटी आठ-दहा, कुंची दोन. बस. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाचं वजन जन्मावेळच्या दुप्पट होतं. सगळ्यात लहान मापाची झबली डझनावारी शिवली, तर ती तशीच घडीत राहतील. बाहेर जाताना किंवा रात्री डायपर वापरलात म्हणून कुणी वाईट आईबाप ठरत नाही. वेळेवर बदला म्हणजे झालं.

रंगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "मुलाचं शिवा" किंवा "मुलीचं शिवा" अशी मागणी जन्माआधी कुणीही करू नये. आमचे पहिले कपडे पांढरे, फिकट पिवळे किंवा साडीच्या मूळ रंगाचे असतात. गर्भलिंग तपासणं, सांगणं आणि विचारणं हा 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त 839 मुली होत्या. शाहू महाराजांच्या जिल्ह्याला हा आकडा शोभणारा नव्हता. आमच्या शिवणघरातून त्याला तसूभरही हातभार लागू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे.

बाळ यायच्या आधी शिवू नये म्हणतात, त्याचं काय?

घरातली मोठी माणसं तसं म्हणत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका. अशा घरांसाठी आम्ही कापड आधी घेऊन धुतो, आखतो आणि गठ्ठा बांधून ठेवतो. दवाखान्यातून तुमचा फोन आला की लंगोट आणि दुपटी त्याच दिवशी शिवून देतो. तोवर दवाखान्याच्या पिशवीत धुतलेल्या मऊ धोतराचे चौकोनी तुकडे ठेवा. पहिल्या दिवशी बाळाला गुंडाळायला तेवढं पुरतं. ज्यांना अशी अडचण नाही त्यांनी डोहाळजेवणाच्या सुमारास, म्हणजे सातव्या महिन्यात, कापड आणावं.

माहेरी कधी जायचं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल आणि माहेर नदीकाठी असेल, चिखली, आंबेवाडीच्या बाजूला, शिरोळ तालुक्यात, तर आधी विचार करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. कळा सुरू झाल्यावर रस्ता शोधत बसायची वेळ येऊ नये. अशा वेळी रीत उलटी करावी, लेकीनं गावी जाण्याऐवजी आईनं शहरात लेकीकडे यावं. सदतिसाव्या आठवड्यानंतर बाळ केव्हाही येऊ शकतं, तेव्हा ही व्यवस्था महिनाभर आधीच लागलेली बरी. दवाखान्याची फाईल, आधार कार्ड आणि कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून एकाच बॅगेत ठेवा. रुग्णवाहिकेसाठी 108 नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

दादा, हे तुमच्यासाठी

कापड घेऊन बहुधा सासूबाई किंवा आई येतात आणि दादा बाहेर गाडीवर बसून राहतात. आत या. लंगोट तिकोनी कसा बांधायचा, दुपट्यात कसं गुंडाळायचं, हे आम्ही कापडी बाहुलीवर शिकवतो, आणि ते शिकायला दहा मिनिटं पुरतात. गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधायचे नाहीत. बेडकासारखे दुमडलेले पाय दुपट्याच्या आत मोकळे हलले पाहिजेत, नाहीतर खुब्याचा सांधा जागेवर बसत नाही.

शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात पाळीवर जाणाऱ्या एका दादांनी घरी आधीच ठरवून टाकलं होतं, "लंगोट मी धुणार, सकाळपाळी असू दे नाहीतर रात्रपाळी." त्यांच्या बायकोनं हे इथं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. बाळंतिणीला झोप मिळाली पाहिजे, आणि ती अशाच ठरवण्यातून मिळते.

आत्ताच करण्यासारखंही पुष्कळ आहे. लोहाची गोळी रोज आठवणीनं द्या, लिंबूपाण्याबरोबर दिली तर उत्तम. चहाबरोबर नको, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, कारण मग लोह अंगी लागत नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर दोघं चालायला जा. आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध ताकदीचं म्हणून बायकोला पाजू नका. कच्च्या दुधातून येणारे जंतू गर्भारपणात बाळापर्यंत पोचू शकतात. तेच दूध घरी आणा, उकळा आणि मग द्या.

गोधडी, गुटी आणि काजळ

आमची गोधडी अंथरायची आहे, पांघरायची नाही. बाळाला उताणं झोपवा, सपाट जागेवर, आणि तोंडाजवळ सैल कापड, उशी काही नको. राईची उशी आम्ही पूर्वापार मागणी असूनही शिवत नाही. कुंची बाहेर नेताना आणि थंडीत घालायची. घरात झोपलेल्या बाळाचं डोकं झाकून ठेवलं तर ते तापतं.

जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यायचं. पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकायचं नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा वरचं पाणी नको. मध चाटवायची पद्धत आहे, पण वर्षाच्या आत मध मुळीच नको. त्यातल्या जंतूंमुळे बाळ लुळं पडू शकतं. गुटीबद्दल डॉक्टरांना विचारा. काजळात शिसं असू शकतं. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा आणि डोळे मोकळे ठेवा.

थोडं कागदपत्रांचं

पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून अटींत बसणाऱ्या आईला 5,000 रुपये मिळतात. अंगणवाडी ताई किंवा आशाताईंना भेटा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. नोकरी करणाऱ्या ताईंना कायद्यानं पहिल्या बाळासाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातली 8 आठवड्यांपर्यंत आधी घेता येते. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करा. बारशाच्या गडबडीत हे राहून जातं.

कापड देताना

एका नऊवारीतून साधारण सगळा बाळंतविडा निघतो, पाचवारी असेल तर सोबत एक धोतर आणा. कापड घेतल्याची पावती देतो, त्यावर प्रसूतीची अंदाजे तारीख आणि दोघांचेही फोन लिहून घेतो. शिवणावळीचे दर दारातल्या फळ्यावर लिहिलेले असतात. कपडे गरम पाण्यातून काढून, इस्त्री करून मिळतील, तरी घरी एकदा धुऊनच वापरा. कापलेले काठ आणि उरलेले तुकडे गठ्ठ्यासोबत परत देतो. काठाची नंतर मोठ्या गोधडीला किनार लावून हवी असेल तर ते जपून ठेवा. सोमवारी शिवणघर बंद असतं, पण ज्यांचं कापड आमच्याकडे आखून ठेवलेलं आहे, त्यांनी दवाखान्यातून सोमवारीही फोन करावा.