नासाग्रसनी कर्करोगाची दुर्बीण-तपासणी

नाकाच्या पोकळ्या मागे जिथे संपतात, त्या पडजिभेच्या वरच्या भागाला नासाग्रसनी म्हणतात. तिथला कर्करोग लवकर हेरण्यासाठी नाकातून दुर्बीण घालून ही तपासणी करतात.

रुग्णाला खुर्चीत बसवून नाकात बधिर करणारे आणि सूज उतरवणारे औषध लावतात. मग सुमारे 4 मिलिमीटर जाडीची ताठ किंवा लवचीक दुर्बीण नाकाच्या तळालगत मागे सरकवतात. पडद्यावर आधी मधल्या कानातून नाकामागे उघडणाऱ्या नळीचे तोंड दिसते. आवंढा गिळायला सांगितला की ते हलते. त्याच्यामागची रोझेनम्युलरची खाच ही खरी तपासायची जागा, कारण रोगाची सुरुवात बहुधा तिथेच होते. एका बाजूची खाच उघडी आणि दुसरीकडची बुजलेली दिसली, की संशय घ्यायचा आणि तुकडा तपासायला पाठवायचा. 415 आणि 540 नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यांचा प्रकाश टाकला तर रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषते आणि अस्तरातल्या वेड्यावाकड्या केशवाहिन्या उठून दिसतात. अस्तराखाली दडलेली गाठ मात्र दुर्बिणीला चकवते. तिथे एमआरआयच हवा.

हा रोग दक्षिण चीन आणि आग्नेय आशियात जास्त, भारतात नागालँड-मणिपूरकडे. एपस्टाइन-बार विषाणूशी त्याचा घट्ट संबंध आहे. हाँगकाँगमध्ये 20 हजारांवर पुरुषांच्या रक्तात या विषाणूचा डीएनए शोधला. ज्यांच्यात तो सापडला त्यांची चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा केली, आणि दोन्ही वेळा सापडला त्यांचीच दुर्बीण आणि एमआरआय केली. त्यातून 34 रुग्ण मिळाले, त्यांतले सुमारे 71 टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला.

कोल्हापुरात लक्षणे नसलेल्यांना सरसकट अशी चाळणी लावण्यात अर्थ नाही. इथे तंबाखू-मशेरीमुळे तोंडाच्या कर्करोगाचेच ओझे मोठे, तेव्हा आधी तोंड उघडून बघणे बरे. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानाला दडा बसला, पडद्यामागे पाणी साठले आणि सर्दीचा पत्ता नाही, तर दुर्बीण टाळू नये. सकाळच्या शेंबडात रक्ताची रेघ किंवा मानेत न दुखणारी गाठ असेल तरी तेच. गाठ दिसताच क्षयाची औषधे सुरू करण्याची घाई आपल्याकडे होते, आणि नाकामागे कोणी पाहतच नाही. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सारख्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करता येते. निदान झाल्यास मुख्य उपचार किरणोत्साराचा; कवटीच्या तळाशी असलेल्या या जागी शस्त्रक्रियेला वाव कमी.